तोफा खाली ठेवणारा आरमारप्रमुख

मैत्रिणींनो, चीन म्हटलं की आपल्या पिढीला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानने चीनवर हल्ला केला होता, तेव्हा जखमींची सेवा करायला ते १९३८ मध्ये तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथल्याच मातीत मिसळले. त्याच लढाईच्या दिवसांत ऐंशीच्या घरातले एक चिनी आजोबा देशाबाहेर फिरून युद्धासाठी वर्गणी गोळा करत होते. अंगावर साधे कपडे. पाहणाऱ्याला वाटावं, कुठले तरी निवृत्त मास्तर असतील. पण हे आजोबा एके काळी चीनच्या अख्ख्या आरमाराचे प्रमुख होते आणि काही महिने देशाचे हंगामी पंतप्रधानही!

त्यांचं नाव सा झेनबिंग. चिनी लोकांत आडनाव आधी येतं, त्यामुळे सा हे आडनाव. आपल्या सारेगममधला सा म्हणा, म्हणजे लक्षात राहील.

त्यांच्या आयुष्यात दोन प्रसंग असे आहेत, की ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. एका प्रसंगात त्यांनी कर्तव्यासाठी स्वतःच्या बायकोला दारातून परत पाठवलं. दुसऱ्या प्रसंगात त्यांनी माणसांसाठी कर्तव्यच सोडून दिलं. माणूस एकच, मग असं का? म्हणून आज त्यांची गोष्ट.

झेनबिंग यांचा जन्म १८५९ चा, दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतातल्या फुचौ शहरातला. घराणं शिकलेल्यांचं, पण परिस्थिती बेताची. त्याच शहराजवळ तेव्हा सरकारने जहाजबांधणीचा कारखाना आणि आरमाराची शाळा काढली होती. परदेशी तोफांपुढे चीनची वारंवार नाचक्की झाली होती, त्यातून सुचलेलं हे शहाणपण. आता गंमत पाहा, त्या काळात बड्या घरातली मुलं या शाळेत यायला तयार नसत. त्यांना जुने ग्रंथ घोकून सरकारी परीक्षा द्यायच्या असत. आरमाराच्या शाळेत राहणं-जेवण फुकट मिळे, शिवाय दर महिन्याला घरी पाठवायला थोडी चांदीही. साहजिकच गरीब घरची हुशार पोरं तिथे आली. दहा-अकरा वर्षांचा झेनबिंग त्यातलाच एक. इंग्रजीतून गणित, नकाशे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणं असं सगळं तो शिकला आणि वरच्या क्रमांकाने बाहेर पडला.

१८७७ मध्ये सरकारने निवडक मुलांना इंग्लंडला पाठवलं. त्यात झेनबिंग होता. ग्रिनिचच्या प्रसिद्ध नौदल महाविद्यालयात ही मुलं शिकली. त्याच्याच सोबतीला यान फू नावाचा मुलगा होता. हा पुढे पाश्चात्त्य विचारांची पुस्तकं चिनी भाषेत आणणारा मोठा विद्वान झाला. १८८० मध्ये झेनबिंग परतले आणि काही काळाने उत्तरेकडच्या तिआनजिन शहरातल्या नव्या नौदल शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

तिथे त्यांच्या वर्गात ली युआनहोंग नावाचा एक विद्यार्थी होता. मैत्रिणींनो, हे नाव जरा लक्षात ठेवा. गोष्टीत तो परत येणार आहे.

शिकवण्याचं काम झाल्यावर झेनबिंग समुद्रावर गेले. कांगची नावाच्या जहाजाचे ते कप्तान झाले. लग्न झालेलं होतं, मुलगा झाला होता. बायको दूर दक्षिणेत फुचौला आणि नवरा उत्तरेला वेहायवेच्या बंदरात. आज फौजेतल्या कुणाच्याही बायकोला विचारा, हे दिवस कसे जातात ते तीच सांगेल. तेव्हा तर फोन नव्हता आणि पत्रालाही कितीतरी दिवस लागत.

१८९४ मध्ये जपानशी युद्ध पेटलं. चीनचं आरमार दिसायला मोठं होतं, पण आतून पोखरलेलं. १८८८ नंतर परदेशातून नवी मोठी जहाजं घेणं जवळजवळ थांबलं होतं, आणि आरमाराचा पैसा राजमातेच्या उन्हाळी महालाच्या कामाकडे वळला होता. अधिकाऱ्यांनीही शिस्त सैल सोडली होती. जहाजावर राहायचा नियम असून अनेक जण किनाऱ्यावर घरं करून बायकामुलांसोबत राहत. कप्तानच घरी, तर खलाशी तरी जहाजावर कशाला थांबतील?

अशा वेळी झेनबिंग यांची पत्नी त्यांना भेटायला आली. फुचौहून वेहायवे म्हणजे चीनच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी फार लांबची वाट. युद्धाच्या बातम्या ऐकून तिला राहवलं नसणार. असं सांगतात, की ती जहाजापाशी पोचली तेव्हा झेनबिंग यांनी तिला वर येऊ दिलं नाही. ही वेळ कुटुंबाला जहाजावर घेण्याची नाही असं कळवलं, जहाजाला लावलेली फळीही काढून घ्यायला लावली. ती बिचारी आल्या पावली परत फिरली. घरी गेली आणि त्यानंतर तिने फार दिवस काढले नाहीत. त्या दोघांची पुन्हा भेट झालीच नाही.

झेनबिंग तेव्हा पस्तिशीतले होते. त्या काळच्या चीनमध्ये मोठ्या हुद्द्याच्या माणसाने दुसरं लग्न करणं, नव्हे दोन-दोन बायका असणं, ही अगदी साधी गोष्ट होती. त्यांनाही लोकांनी आग्रह केला. त्यावर ते एवढंच म्हणत, की तिच्यासारखी दुसरी मिळाली तर करीन. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढची सत्तावन्न वर्षं ते एकटे राहिले. मुलगा सा फूजून पुढे शिकून रेल्वे इंजिनिअर झाला.

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली, तर तिथे दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, केवढा निष्ठावान माणूस! एकीने मात्र विचारलं, की दोन घटका बोलला असता तर काय लढाई हरला असता का? आणि तिचं म्हणणं खरंच होतं. लढाई तशीही हरलेलीच होती. आपल्याकडे म्हणतात ना, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. इथे तर लष्करापायी घरचं माणूसच हातचं गेलं. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी बायको एका परिच्छेदापुरती येते आणि निघून जाते. निष्ठेचं कौतुक नवऱ्याच्या वाट्याला जातं आणि तिची किंमत मोजलेली असते तिने.

आता युद्धाकडे येऊ. १८९५ च्या थंडीत जपान्यांनी वेहायवेला जमिनीवरून आणि समुद्रावरून वेढा घातला. बंदराच्या तोंडाशी एक छोटंसं बेट होतं, त्यावर तोफा बसवलेल्या. झेनबिंग तीसेक खलाशी घेऊन ते बेट लढवत राहिले. सतत मारा होत होता. शेवटी तोफा निकामी झाल्या, दारूगोळ्याचं कोठार उडालं, तेव्हा कुठे त्यांनी बेट सोडलं. इकडे आरमारप्रमुख डिंग रुचांग यांनी शरण जाण्याऐवजी विष घेऊन जीव दिला. राहिलेल्या जहाजांचा ताबा जपानने घेतला.

पण जपानी सेनापती इतो सुकेयुकी यांनी एक जहाज परत केलं. डिंग यांची शवपेटी सन्मानाने नेता यावी म्हणून. ते जहाज होतं कांगची. म्हणजे आपल्या झेनबिंग यांचंच. विचार करा, ज्या जहाजाच्या शिस्तीसाठी बायकोला परत पाठवलं, त्याच जहाजावरून आपल्या प्रमुखाचं प्रेत न्यायची वेळ आली.

हरलेल्या आरमाराचे अधिकारी म्हणून सगळ्यांना नोकरीवरून काढलं गेलं. झेनबिंग फुचौला परतले. घरात बायको नाही, हाताला काम नाही. इंग्लंडला शिकून आलेला हा कप्तान लोकांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागला. त्या दिवसांत घरातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

पण देशाला माणसं हवीच होती. थोड्याच काळात त्यांना पुन्हा बोलावणं आलं. इंग्लंडमध्ये बांधलेल्या हायची या मोठ्या युद्धनौकेचे ते कप्तान झाले. १९०० मध्ये चीनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध बॉक्सर उठाव पेटला, परदेशी फौजा बीजिंगवर चालून आल्या. त्या धामधुमीत ओरेगॉन नावाची अमेरिकन युद्धनौका चीनच्या किनाऱ्याजवळ खडकावर अडकली. खरं तर तेव्हा शत्रुपक्षच तो. तरी हायची मदतीला धावून गेली. संकटात सापडलेल्या जहाजाला आधी हात द्यायचा, भांडण नंतर, हा दर्यावर्दी लोकांचा धर्म झेनबिंग यांनी पाळला.

पुढे ते चढत गेले. १९०५ पासून उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही आरमारांची सूत्रं त्यांच्याकडे आली. यानताय गावात नौदलाची नवी शाळा निघाली. ती उभी करण्याचं काम त्यांनी श्ये बाओझांग या अधिकाऱ्यावर सोपवलं. हे श्ये वेहायवेच्या लढाईत बुडालेल्या जहाजावरून पोहत किनारा गाठलेले. या श्ये यांची एक छोटी मुलगी होती. समुद्रकिनाऱ्यावर, खलाशांच्या गोष्टी ऐकत ती वाढली. तीच पुढे बिंग शिन या नावाने चीनची लाडकी लेखिका झाली. रवींद्रनाथ टागोरांची गीतांजली चिनी भाषेत आणणारी ती हीच. वडिलांच्या या साहेबांविषयी तिने फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे. बायकोला परत पाठवल्याची आठवण लोकांसमोर आली, ती तिच्यासारखीच्या लेखणीमुळे. नाहीतर अशा गोष्टी घरातच विरून जातात.

१९०९ आणि १९१० मध्ये झेनबिंग यांनी एका राजपुत्राबरोबर युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा केला. नवं आरमार कसं उभारायचं ते पाहायला. परत आल्यावर ते सगळ्या आरमाराचे प्रमुख झाले. हुद्दा मोठा, राहणी मात्र तशीच साधी. आणि लगेचच, १९११ साली, त्यांच्यासमोर आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहिला.

१० ऑक्टोबर १९११. यांगत्से नदीकाठच्या वूचांग शहरात सैनिकांनी राजाविरुद्ध बंड केलं. बंडवाल्यांना नेता हवा होता. त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला पकडून, त्याच्या मनाविरुद्ध, पुढारी केलं. तो अधिकारी म्हणजे ली युआनहोंग. झेनबिंग यांचा तिआनजिनचा विद्यार्थी! जपानच्या युद्धात त्याचंही जहाज गेलं होतं, तोही समुद्रात पडून वाचला होता. त्यानंतर आरमार सोडून तो पायदळात गेला होता.

राजदरबाराचा हुकूम सुटला. झेनबिंग यांनी युद्धनौका घेऊन वूचांगला जावं आणि बंड मोडून काढावं. ते गेले. एका बाजूला नदीत गुरूंची जहाजं, दुसऱ्या बाजूला शहरात शिष्य. सुरुवातीला जहाजांनी तोफा डागल्याही. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण जहाजांवरचे तरुण मनाने बंडवाल्यांच्या बाजूचे होते. अनेकांचे नेम मुद्दाम चुकत होते.

लीने गुरूंना पत्रं लिहिली. आपल्याच माणसांवर तोफा चालवू नका, आमच्यात या, अशी विनंती केली. झेनबिंग यांची पंचाईत झाली. चाळीस वर्षं ज्या राजाचं मीठ खाल्लं, त्याच्यावर उलटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तेवढ्यात सरकारी फौजेने नदीपलीकडच्या हानकौ शहराला आग लावली. दिवसांमागून दिवस ते शहर जळत राहिलं. दुकानं, घरं, गल्ल्या, माणसं. नदीकाठीच हे सगळं चाललं होतं आणि आरमारही त्याच नदीत उभं होतं.

नोव्हेंबरमध्ये झेनबिंग यांनी निर्णय घेतला. आजारपणाचं कारण पुढे केलं, अधिकाऱ्यांना तुमचं तुम्ही ठरवा असं सांगितलं आणि जहाज सोडून शांघायची वाट धरली. आपण गेलो की जहाजं काय करणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तसंच झालं. आरमार बंडवाल्यांना जाऊन मिळालं. नदीवरचा ताबा गेल्यावर राजसत्तेची कंबरच मोडली. फेब्रुवारी १९१२ मध्ये सहा वर्षांच्या शेवटच्या बादशहाने गादी सोडली. दोन हजार वर्षांहून जुनी राजेशाही संपली.

काही लोक म्हणतात, तो पळपुटेपणा होता. ना धड राजाच्या बाजूने लढले, ना धड क्रांतीच्या. मला मात्र तसं वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांपूर्वी हाच माणूस नियमासाठी बायकोचं तोंडही न पाहता उभा राहिला होता. तेव्हा त्याला वाटलं असेल, कर्तव्य म्हणजे मन घट्ट करणं. जळतं हानकौ बघताना त्याला कळलं असेल, की प्रत्येक वेळी मन घट्ट करून चालत नाही. हा माझा तर्क आहे, त्यांनी असं कुठे सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःची नोकरी आणि नाव पणाला लावलं, आणि गावंच्या गावं जळण्यात आपला हात लागू दिला नाही, एवढं खरं.

राजेशाही गेल्यावर ते राजकारणात ओढले गेले. शिष्य ली युआनहोंग १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. झेनबिंग आधी व्यापारी जहाजांच्या शाळेचे प्रमुख होते, मग नौदलमंत्री झाले. मे १९२० मध्ये त्यांना हंगामी पंतप्रधान केलं गेलं. पण तो काळच विचित्र होता. ज्याच्या हाती फौज, त्याचाच शब्द. झेनबिंग पंतप्रधान असतानाच, जुलै १९२० मध्ये, दोन सरदारांच्या टोळ्या बीजिंगच्या आसपास एकमेकांशी लढल्या. खुर्ची होती, पण हुकूम कुणी ऐकत नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांनी ती खुर्ची सोडली.

१९२२ मध्ये ते आपल्या फुजियान प्रांताचे मुलकी प्रमुख म्हणून घरी परतले. इथेही खरी सत्ता फौजवाल्यांकडेच. पण माणसाला काम करायचंच असेल, तर सत्तेवाचून अडत नाही. फुचौच्या आसपासची गावं सैनिकांच्या धुमाकुळात जळाली होती. त्यांनी पैसे जमवले, घरं पुन्हा बांधून दिली. रस्ते, पूल, शाळा, पुरात अडकलेल्यांना धान्य, अशा कामांत ते रमले. पद गेल्यानंतरही हे काम थांबलं नाही. साहेबाच्या बंगल्यात बसण्याऐवजी ते कामावर जाऊन उभे राहत. गावातले लोक त्यांना देवमाणूस मानू लागले.

मी स्वतः थोडंफार समाजकार्य करते, म्हणून सांगते. मोठ्या पदावरून उतरलेला माणूस गावातल्या कामात लक्ष घालतो तेव्हा बहुधा त्याला मधल्या खुर्चीत बसायचं असतं. हार, फोटो, भाषण. पंतप्रधानपद पाहिलेला माणूस गावच्या पुलासाठी झोळी घेऊन फिरतो, हे मला त्यांच्या सगळ्या हुद्द्यांपेक्षा मोठं वाटतं.

१९३७ मध्ये जपानने पुन्हा मोठा हल्ला केला. ज्या शत्रूने तरुणपणी त्यांचं आरमार बुडवलं होतं, तोच पुन्हा दाराशी. वय अठ्ठ्याहत्तर. तोफ चालवायचं वय गेलं होतं. मग ते आग्नेय आशियातल्या चिनी वस्त्यांत गेले. तिथले बरेच व्यापारी मूळचे फुजियानचे, आपल्या भाषेत गाववाले. त्यांच्याकडून देशासाठी मदत मागितली. सुरुवातीला ज्या आजोबांचा उल्लेख केला, ते हेच. युद्धाची पुढची वर्षं त्यांनी देशाच्या आतल्या भागात फिरण्यात काढली आणि युद्ध संपल्यावर फुचौला परतले.

१९४९ मध्ये आणखी एक पालट. कम्युनिस्ट जिंकत आले, चिआंग कै-शेक यांचं सरकार तैवानला निघालं. नव्वदीच्या झेनबिंग यांनाही सोबत चलण्याचा आग्रह झाला. त्यांनी पुन्हा आजारपणाचं कारण सांगितलं! ते गेले नाहीत. ऑगस्टमध्ये फुचौ नव्या राजवटीच्या ताब्यात आलं. नव्या सरकारने त्यांना देशाच्या राजकीय सल्लागार परिषदेत आणि लष्करी समितीत मानाने घेतलं. राजा, प्रजासत्ताक, सरदारांची अंदाधुंदी, चिआंग आणि शेवटी माओ, एवढ्या राजवटी या माणसाने पाहिल्या. १० एप्रिल १९५२ रोजी फुचौमध्येच, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले.

बचत गटातल्या त्या मैत्रिणीचा प्रश्न मात्र माझ्याजवळ तसाच आहे. दोन घटका बोलला असता तर काय झालं असतं? उत्तर द्यायला ना ती उरली, ना ते. त्यांनी पुढे कितीतरी लोकांची घरं उभी केली, पण स्वतःचं घर पुन्हा मांडलं नाही. कदाचित तेच त्यांचं उत्तर असेल.

आपल्यापैकी कितीतरी जणींचे नवरे, मुलं फौजेत, पोलिसांत, एसटीत, दवाखान्यात नोकरी करतात. त्यांना कामावरून हलता येत नाही, हे आपल्याला कळतं आणि आपण समजूनही घेतो. पण ज्यांना आपण सोडतो त्या कामावर, त्यांनीही कधीतरी एवढं लक्षात ठेवावं, की दारापर्यंत आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला वेळ फारसा लागत नाही. आणि आपणही, समाजाच्या कामात गुंतलेल्या बायका, हे विसरतो. सभेला उशीर होतोय म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तोडून मीही कितीदा चप्पल घातली आहे. ही गोष्ट वाचल्यापासून मी जरा थांबते, ऐकून घेते, मग निघते. सभा काही अडत नाही.